जोडावरची हिरवी रेघ

मे महिना लागला की जयपुरात सगळे आभाळाकडे बघतात आणि मी कागदाकडे. दुपारी दोन-अडीचला, लू, ती भाजून काढणारी झळ, ऐन भरात असते तेव्हा, मानसरोवरातल्या माझ्या खोलीत टांगलेला दिवा आवाज करतो. टक्. पत्र्यावर नखानं टिचकी मारावी एवढाच. हवा कोरडी पडली की कागद आक्रसतो आणि बांबूच्या कड्यांवर ताणला जातो, त्याचा तो आवाज. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. हे दिवे मीच बनवते, मला नाही माहीत असणार तर कुणाला? तरीपण त्या टक् सरशी दर वेळी माझा हात थांबतो आणि मान वर जाते.

यंदा माझ्याबरोबर आईचीही मान वर जाते.

"काय वाजतंय गं वर?"

"कागद."

"कागद कशानं वाजंल? उंदीर असंल बघ."

तिला तो दिवा म्हणजे एक पांढरा गोळा दिसतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात जन्म काढलेल्या बाईला डोळे दाखवायला जयपूरला आणलं म्हणून भाऊ फोनवर हसला. हसू दे. मला तिला एका ठरावीक दवाखान्यात न्यायचं होतं. तिथल्या बसायच्या हॉलमध्ये माझे दिवे आहेत. सात आहेत. व्हायला हवे होते अकरा.

सगळं ठरलं, आणि नंदिनीताईंचा फोन आला. "सोमवारी मी पण येते ना. काकूंना भेटायचंच आहे मला." चार दिवे का नाहीत, याचं जे कारण मी ताईंना सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, ते आईला कधी सांगितलंच नव्हतं. आणि त्या कारणात आई होती.

नंदिनीताईंचं वर्कशॉप खातीपुऱ्यात, त्यांच्या घराच्या तळमजल्यावर. वडील लष्करातले, बदली होऊन आले आणि इथेच राहिले. त्यामुळे ताईंचं मराठी घरात जन्मलेलं पण हिंदीच्या अंगणात वाढलेलं. "तू टेन्शन नको घेऊ, मतलब, होऊन जाणार." सुरुवातीला मला हसू यायचं. पण त्यांच्या तोंडून 'होऊन जाणार' आलं की खरंच व्हायचं, त्यामुळे पुढे मी हसायची थांबले. मी तेव्हा नुकती डिझाइनची पदवी घेऊन त्यांच्याकडे दिव्यांचं काम शिकायला आलेली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मार्केट यार्डात हमाल, आई घरी बसून औषधाच्या दुकानांसाठी कागदी पाकिटं करायची. हे मी आता सरळ सांगते. तेव्हा वर्कशॉपमध्ये कुणी विचारलं तर "आईचं पेपर प्रॉडक्ट्सचं काम आहे" असं सांगायची. खोटं नव्हतं ते.

कागद जपानहून यायचा, जाडजूड नळकांड्यात गुंडाळून. त्याला वाशी म्हणतात. नवी मुंबईशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगून सांगून मी दमले आहे. तुतीच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीपासून करतात. हातात घेतला तर साधा पांढरा कागद. उजेडासमोर धरला की आतले लांब लांब धागे दिसायला लागतात, दूध तापताना साय धरायच्या आधी वरती जे धागे-धागे तरंगतात ना, तसे. हा कागद कात्रीनं कापायचा नाही. ब्रशनं पाण्याची रेघ ओढायची, ती मुरू द्यायची आणि मग रेघेवर हळू फाडायचा. कडेला धागे मोकळे राहतात, दुसऱ्या तुकड्याच्या धाग्यांत गुंततात आणि जोड नाहीसा होतो. सगळी कला त्या नाहीशा होण्यात.

हे मी मोठ्या कौतुकानं आईला फोनवर सांगितलं.

"कागद फाडाय शिकाय जयपूरला गेलीस व्हय?" आई म्हणाली. "तुझा भाऊ हितं बसून रोज फाडतोय, वह्या."

जोडायला गव्हाचं स्टार्च लागतं. ताईंनी मला पहिल्या आठवड्यात ते शिकवायला घेतलं. गहू भिजवायचा, वाटायचा, पाण्यात बसू द्यायचा, वरचं पाणी काढायचं, खालचं पांढरं शिजवायचं. त्या वहीत बघून सांगत होत्या आणि मला हसू आवरेना. "ताई, हा तर कुरडयांचा चीक!" आमच्याकडे हेच उन्हाळ्याचे दिवस चिकाचे. पातेल्यातला गरम चीक, त्यात साखर घालून पहिली वाटी पोरांना, मग कुरडयांचा सोऱ्या. जपानच्या कारागिरांनी शेकडो वर्षं जपलेली वस्तू माझ्या आईच्या गच्चीवर दर वर्षी होत होती. मी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये एक वीत उंच झाले. "मला खळ शिकवू नका," मी म्हटलं. "मी खळीतच वाढलेय."

हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

खरंच वाढले होते, हेही तितकंच खरं. आईची खळ मैद्याची. डब्यात शिजवलेली, घट्ट, आणि तिच्यात मोरचूद. निळे खडे असतात, काचेसारखे. आई ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायची, कागदात गुंडाळून, आणि आम्हाला धाक घालायची, "हात लावलासा तर बोटं झडतील." मोरचूद विषारी. पण तो घातला की खळ आंबत नाही, कागदाला कसर लागत नाही, झुरळं फिरकत नाहीत. माझं पदवीचं प्रमाणपत्र आईनं स्वतः चिकटवलेल्या मोठ्या लिफाफ्यात ठेवलंय. त्याला आजतागायत कसर लागलेली नाही.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत डोळ्यांचे डॉक्टर वर्कशॉपमध्ये आले. ताईंच्या ओळखीतले, पुण्याकडचे. नवा हॉल बांधत होते. म्हणाले, "डोळ्यांत थेंब घातलेली माणसं तास-तासभर बसून असतात. बाहुल्या मोठ्या झालेल्या, ट्यूबलाइट सुईसारखी टोचते त्यांना. असा उजेड द्या, की दिसेल पण टोचणार नाही."

ताईंनी ते काम मला दिलं. माझं पहिलं स्वतःचं डिझाइन. थेंबाच्या आकाराचा दिवा, वर निमुळता, खाली गोल, संत्र्यासारख्या बारा फाका. बारा फाका म्हणजे बारा जोड. पहिला नमुना फेब्रुवारीच्या गार हवेत केला, ताज्या चिकानं, आणि जोड शोधून सापडत नव्हता. डॉक्टरांनी तो हातात घेऊन फिरवला आणि नुसतं "हं" म्हणाले. तेवढं पुरे होतं. अकरा दिवे करायचे ठरले.

कड्या करायला कैलाशजी. साठीचे, रोज बस्सीहून बसनं येणारे. संक्रांतीच्या आधी चार महिने पतंगांच्या कामट्या काढायचे, उरलेलं वर्ष आमच्याकडे. बोलणं कमी. बांबूची कामटी कानाशी वाकवून बघायचे, मोडायच्या आधी ती काहीतरी सांगते म्हणे.

मग एप्रिल सरला आणि ऊन भडकलं. त्या दिवसांचा वास मला अजून येतो. कूलरच्या ओल्या खसाचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा, चिरलेल्या बांबूचा, आणि दुपारनंतर आंबलेल्या चिकाचा. कूलर चालू असला की खोली दमट, कागद सैल पडायचा. वीज गेली की पंधरा मिनिटांत हवा कोरडीठाक आणि सगळे अर्धवट दिवे एकेक करून बोलायला लागायचे. टक्. टक्. मी ब्रश हातात धरून उभी. कुठला फाटेल? झोपेतही मोजायची मी ते आवाज. सकाळी शिजवलेला चीक दोनपर्यंत पाणी सोडायचा. ताई सांगायच्या, "रोज ताजा बनव ना, वाटी-वाटीभर. फेकून दे उरलेला." रोज सकाळचे दोन तास त्या वाटीत जात होते. उद्घाटन जवळ येत होतं.

मी एकदाच मोठं पातेलं भरून चीक शिजवला आणि त्यात मोरचूद घातला. इथे नीला थोथा म्हणतात, किराणावाल्याकडे मिळतो. आई चिमटीनं घालायची. इथला उन्हाळा मिरजेपेक्षा कडक, म्हणून मी सढळ हातानं घातला. चार दिवस चीक आंबला नाही. मग पुन्हा पातेलं, पुन्हा मोरचूद. कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? घरची युक्ती होती. कॉलेजात न शिकवलेली, आणि मला येणारी.

दिवे तपासायचे ते दुपारी, शटर वर असताना, भर उजेडात. बटण दाबायचं, लागला, बास.

उद्घाटनाला दहा दिवस होते. अकराही दिवे हॉलमध्ये टांगून झाले होते. चारचा सुमार. शिडीवरून कैलाशजी खाली उतरले आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "आंधी आ रही है, बाईसा." पश्चिमेकडचं आभाळ आधी पिवळं झालं, मग विटेच्या रंगाचं. पाच मिनिटांत खिडक्यांबाहेर काहीच उरलं नाही. दारं आपटली, दातांखाली वाळू करकरली, भर दुपारी हॉलमध्ये दिवेलागणीसारखा अंधार. ताई तोंडावर ओढणी धरून म्हणाल्या, "लाइट लाव गं अश्विनी, काही दिसून नाही राहिलं."

मी बटण दाबलं.

उजेड छानच पडला. मऊ, दुधाळ. क्षणभर मी खूश झाले. आणि मग दिसलं. प्रत्येक दिव्यावर वरून खाली बारा रेघा. हिरवट-निळ्या. आजारी माणसाच्या हातावर शिरा उठून दिसतात तशा. नाहीशा व्हायला हवेत असे एकशे बत्तीस जोड, एकूण एक समोर उभे.

"हे काय आहे?" ताई म्हणाल्या.

मला त्याच सेकंदाला कळलं होतं. मी म्हटलं, "काय माहीत."

आंधी अर्ध्या तासात गेली. पुढचे दोन दिवस माझ्या आत ती चालूच होती. ताई आधी कागदावर घसरल्या. "एवढ्या दूरून मागवला आपण, मतलब, असं कसं निघू शकतं?" मग पाण्यावर. वर्कशॉपमध्ये पाणी भरायचं काम कैलाशजींचं. ताईंनी त्यांना विचारलं, पाणी कुठलं घेतलं, बोअरिंगचं तर नाही? कैलाशजी खाली बघत म्हणाले, "हो सकता है. एक-दो बार लिया होगा." ताई त्यांना लागेल असं कधी बोलत नाहीत. तेव्हाही नाही बोलल्या. नुसतं "भैया, बोलना तो था" एवढंच. मी तिथेच होते. कडीवरचा जुना कागद भिजवून सोलत होते.

शिकलेल्या घरातल्या मुलीची चूक तिची असते. माझ्यासारखीची चूक झाली की लोक तिच्यामागच्या घराकडे बघतात. बघतात की नाही देव जाणे, मला मात्र तसं वाटायचं. वर्षानुवर्षं मी बिनचूक राहायची धडपड केली ती त्यासाठी. आणि चूक झाली ती नेमकी घरातून आणलेल्या गोष्टीनं.

आईला फोन केला. "मोरचूद किती घालायचीस गं?"

"चिमटीभर. का? कसर लागली व्हय?"

"नाही. सहज."

तिसऱ्या दिवशी सकाळी कैलाशजी एकटे कामट्या सोलत बसले होते. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, पाणी नव्हतं ते. त्यांनी सुरी थांबवली नाही. "मालूम है. नीला थोथा था. हम भी लेई में डालते हैं, पतंग के लिए."

"फिर बोले क्यों नहीं?"

"आपने पढ़ाई की है, बाईसा. मैंने सोचा, सोच के ही डाला होगा."

यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी सरळ वर ताईंकडे गेले आणि सांगितलं. पाणी नाही, कैलाशजी नाहीत, मोरचूद आहे आणि तो मी घातला. इथवर माझी मान ताठ होती. पण "का घातला?" असं ताईंनी विचारलं, आणि माझा धीर सुटला. मी म्हणाले, "आमच्या घरी असंच घालतात. आईनं तसंच शिकवलंय."

ताईंचा चेहरा एकदम निवळला. "अच्छा! मतलब, त्यांना बिचाऱ्यांना कुठे माहीत असणार!"

आणि मी मान हलवली. हो म्हणून.

उरलेल्या कागदात सात दिवे बसले. रोज पहाटे उठून वाटीभर चीक शिजवला, उरला तो फेकला. कैलाशजींनी कड्या न बोलता सोलून दिल्या. उद्घाटनाला सात दिवे लागले आणि चार हूक रिकामे राहिले. डॉक्टर म्हणाले, राहू देत, उजेड पुरतो. पुढे त्या मापाचा, त्या जातीचा कागद मिळालाच नाही. हूक तसेच आहेत. हिरव्या रेघांचे चार दिवेही आहेत, तीन खातीपुऱ्याच्या माळ्यावर, आणि एक माझ्या खोलीत. तोच टक् करतो.

त्यानंतर मी पुष्कळ दिवे केले. लोक नावानं विचारत येतात आता. आणि सहा वर्षांत ती मान हलवलेली काही माझ्या मानेतून गेली नाही. कैलाशजींवरचा आळ मी दोन दिवसांत उतरवला. आईवर घातलेला तसाच ठेवला, तिला कळणार नव्हतं म्हणून.

सोमवारी सकाळी तिनं ठेवणीतली इरकल नेसली. "डॉक्टरला डोळे दाखवायचेत, लुगडं नाही," मी म्हटलं. "असू दे की. तुझी बाई यायची हाय न्हवं?" माझी बाई. ताईंना तिनं शाळेतली बाईच करून टाकलं होतं. रिक्षात मी तीनदा विचार केला की आत्ताच सांगून टाकावं. तीनदा सिग्नल सुटला.

नर्सनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले आणि तिला हॉलमध्ये आणून बसवलं. नेमकी रिकाम्या हुकांपाशी. ताई आल्या, वाकून नमस्कार केला, शेजारी बसल्या. "काकू, हे सगळे अश्विनीने बनवले."

आईनं वर बघितलं. "दिसंना काय नीट. पण उजेड टोचत न्हाय बघा."

डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी एवढंच मागितलं होतं. मला त्याचा आनंद घ्यायलाही सवड मिळाली नाही, कारण ताई हसत म्हणाल्या, "आणि हे चार हूक खाली आहेत ना, ती तुमची मेहरबानी! तो नीला थोथा, आपला, मोरचूद!" त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ती एक जुनी गंमत होती.

आईची मान माझ्याकडे वळली. बाहुल्या काळ्याभोर, एवढ्या मोठ्या. माझा चेहरा तिला दिसत नव्हता हे नक्की. तरी ती म्हणाली, "व्हय व्हय. मोरचूद माझाच."

कशाबद्दल चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं. कैलाशजींचं 'हो सकता है' माझ्या कानात वाजलं. ही माणसं अशी पटकन अंगावर का घेतात?

"नाही, ताई," मी म्हटलं. आवाज चढला असावा, समोरच्या बाकावरचे आजोबा दचकले. "आईनं चिकात कधीच मोरचूद घातला नाही. चीक आमच्याकडे खातात. ती पाकिटांच्या खळीत घालायची, चिमटीभर. ते तिथं बरोबरच होतं. मी चिकात घातला, मूठभर, आणि नाव तिचं सांगितलं."

ताई हलकेच म्हणाल्या, "अगं... मला तर ते लक्षात पण नव्हतं, मतलब, तसं नव्हतं."

आईला मात्र हसू फुटलं. "दिव्याच्या कागदाला मोरचूद? अगं येडे, पाकिटात गोळ्या असत्यात. पाकिटातनं उजेड कोण बघतंय?" आणि ताईंना कोपरानं ढोसून म्हणाली, "कालेजात एवढं शिकीवलं न्हाई व्हय हिला?"

मग ती पुन्हा वर बघत राहिली. बराच वेळ. हयातभर कागद चिकटवलेल्या बाईचं बघणं. बोट हवेत वर करून ती दिव्याच्या अंगावरून फिरवल्यासारखं फिरवत होती.

"जोड कुठं घातलाईस?"

"बारा आहेत, आई."

"मला एकबी दिसंना."

तिच्या डोळ्यांत औषध होतं. जोड दिसत नव्हता तो माझ्या हातामुळे की थेंबांमुळे, हे मी विचारलं नाही.

दुपारी घरी आलो. लू सुटली होती. मी कूलरमध्ये पाणी भरत होते आणि दिवा वाजला. टक्.

"कागद हाय," आई डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाली. "काम कर तू."

मी तरी वर बघितलंच. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन आहे. नंतर पट्टी निघेल, आणि मग तिला सगळं स्वच्छ दिसेल. हॉलमधले जोडही, आणि या दिव्यावरच्या बारा रेघाही.